वाचकांचे प्रश्न : शेवटच्या दोन मिनिटांतला पंच

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असल्यामुळे तिकडचा फुटबॉल पाहायची सवय लागली. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये (तिकडच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात) बरोबरी असताना पंचांनी फिलाडेल्फियावर पेनल्टी दिली आणि कॅन्सस सिटी जिंकली. चेंडू तर झेलणाऱ्याच्या कितीतरी पुढे जाऊन पडला होता. मग पेनल्टी कसली? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : चेंडू कुठे पडला हे इथे बघायचंच नाही. पेनल्टीवरचा निम्मा वाद याच गैरसमजातून झाला. पास झेलणाऱ्याला अडवण्याचे दोन वेगळे दोष आहेत. ‘पास इंटरफिअरन्स’ म्हणजे चेंडू फेकल्यानंतर झेलणाऱ्याला आडकाठी करणं. त्यासाठी चेंडू झेलण्याजोगा असावा लागतो, डोक्यावरून दहा हात गेलेल्या चेंडूवर हा दोष लागत नाही. ‘डिफेन्सिव्ह होल्डिंग’ म्हणजे जर्सी किंवा अंग धरून समोरच्याला धावू न देणं. चेंडू त्याच्याकडे आला की नाही, याला तिथे काडीची किंमत नाही. पंचांनी दिला तो हा दुसरा दोष.

धावफलक ३५-३५, घड्याळात १ मिनिट ५४ सेकंद. कॅन्सस सिटीचा तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवेत, चेंडू फिलाडेल्फियाच्या १५ यार्डांच्या रेषेवर. (यार्ड म्हणजे तीन फूट. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांना.) कॅन्सस सिटीचा जुजू स्मिथ-शूस्टर आत गेल्याची हूल देऊन बाहेर वळला आणि नेमका त्या वळणावर फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने उजव्या हाताने त्याची जर्सी ओढली. मुख्य पंच कार्ल शेफर्स यांनी सामन्यानंतर हेच कारण दिलं. ब्रॅडबेरीनेही जर्सी ओढल्याचं सरळ कबूल केलं.

शिक्षा अवघी पाच यार्डांची, पण तिच्याबरोबर पहिला प्रयत्न आपोआप नव्याने मिळतो. खरा फटका तो. पेनल्टी नसती तर कॅन्सस सिटीने तिथूनच फील्ड गोल मारून (म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून) तीन गुण घेतले असते आणि फिलाडेल्फियाला उत्तर द्यायला दीड मिनिटाच्या वर वेळ उरला असता. पेनल्टीमुळे त्यांना घड्याळ खात बसता आलं. त्यांचा जेरिक मॅकिनन तर समोर मोकळी गोलरेषा दिसत असताना मुद्दाम अलीकडेच खाली बसला. आठ सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने २७ यार्डांवरून फील्ड गोल मारला, ३८-३५.

निर्णय नियमाला धरून होता, असंच आमचं मत आहे. तक्रारीला जागा आहे ती सातत्याबद्दल. ‘खेळू द्या’ असं पंचांचं धोरण असेल तर ते पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला एकच हवं. त्या रात्री तसं होतं का, यावर वाद घालायला हरकत नाही, पण त्यासाठी अख्खा सामना परत पाहावा लागेल, एक झलक पुरणार नाही.

पाहायचं कसं, तेही सांगतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे दोष घडतो तो क्षण पहिल्या खेपेला दिसतच नाही. रिप्लेमध्ये झेलणारा दिशा बदलतो तिथे थांबा आणि बचाव करणाऱ्याचे हात बघा. पहिल्या पाच यार्डांत समोरून हाताने रेटायला परवानगी आहे, धरायला तिथेही नाही. कापड ताणलं गेलं आणि खांदा मागे राहिला, तर धरलं. स्लो मोशनमध्ये साधा स्पर्शही ओढल्यासारखा वाटतो, तेव्हा तोच तुकडा एकदा नेहमीच्या वेगाने बघायला विसरू नका.

प्रश्न : न दिलेल्या पेनल्टीचं काय? न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यात एवढी ढळढळीत चूक झाली, तरी सामना परत का खेळवला नाही? (धुळे)

उत्तर : २० जानेवारी २०१९ चा सामना, न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. २०-२० अशी बरोबरी, १ मिनिट ४९ सेकंद बाकी. चेंडू पोचायच्या आत रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्सच्या टॉमीली लुईसला उडवलं, तेही हेल्मेटवर हेल्मेट आपटून. दोषाची खूण म्हणून टाकतात तो पिवळा रुमाल एकाही पंचाचा पडला नाही. इथे दुमत नाही, चूक पंचांचीच. अमेरिकी फुटबॉल लीगच्या आयुक्तांनीही नंतर ती मान्य केली आणि रोबी-कोलमनला त्या धडकेबद्दल दंड झाला. रॅम्स जादा वेळेत २६-२३ ने जिंकले.

सामना परत न खेळवण्याचं कारण लीगच्या १७ व्या नियमात आहे. अत्यंत अन्यायकारक घटनेत हस्तक्षेप करायचा अधिकार तो आयुक्तांना देतो, पण पंचांच्या नजरचुकीबद्दल क्लबने केलेल्या तक्रारीला हा अधिकार लागू नाही, असंही त्यातच लिहिलेलं आहे. प्रेक्षक कोर्टात गेले, हाती काही लागलं नाही. मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी पास इंटरफिअरन्सचे दिलेले आणि न दिलेले, दोन्ही निर्णय व्हिडिओवर तपासायची सोय केली. ती एकच हंगाम टिकली. आडकाठी किती झाली हे शेवटी माणसाच्या अंदाजावर असतं. मैदानातल्या माणसाऐवजी पडद्यासमोरचा माणूस बसवला, तरी अंदाज तो अंदाजच. रेषेवर पाय पडला की नाही, हे मात्र कॅमेरा नीट सांगतो.

प्रश्न : ज्यांना पेनल्टी मिळाली त्यांनीच ती नाकारली, असं पाहिलं. हा काय प्रकार? (भुसावळ)

उत्तर : हिशेब आहे तो. समजा, तिसऱ्या प्रयत्नात हल्ला करणाऱ्या संघाने होल्डिंग केलं, पण पासही वाया गेला. पेनल्टी घेतली तर ते दहा यार्ड मागे जातील, पण तिसरा प्रयत्न पुन्हा मिळेल. नाकारली तर थेट चौथा प्रयत्न, म्हणजे बहुधा चेंडू लाथाडून देणं. म्हणून नाकारतात.

प्रश्न : आमच्याकडच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात चढाईपटू कुणालाच न शिवता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला आणि तीन बचावपटूंनी तिथेच त्याला धरलं. सरपंचांनी (सामन्याच्या मुख्य पंचांनी) एकच गुण दिला. ‘पंचले दिसस नही का?’ म्हणून निम्मं गाव मैदानात उतरलं. बरोबर कोण? (अमळनेर)

उत्तर : नियमाची कोणती आवृत्ती धरली होती, त्यावर अवलंबून आहे. अगदी याच पेचाने ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना सुमारे तासभर रखडला. २८-२८ अशी बरोबरी असताना पवन सेहरावत शेवटच्या दोन मिनिटांत ‘करो या मरो’ (गुण घ्या, नाहीतर बाद) चढाईला गेला आणि लॉबीत उतरला, मागोमाग इराणचे बचावपटूही. जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाआधी लॉबीत गेलेला प्रत्येक जण बाद, चढाईपटू असो की बचावपटू. प्रो कबड्डीतल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू लॉबीत गेला की चढाई संपली, बाद फक्त तो. निर्णय दोन-तीनदा फिरला आणि शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला.

तुमच्या सरपंचांनी नवा नियम धरला असेल, तर एकच गुण बरोबर. जुना धरला असता, तर बचावाचे तिघेही बाद. तेव्हा नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना बोलवा, लॉबीचा नियम मोठ्याने वाचून दाखवा आणि गुणपत्रिकेवर लिहून दोघांची सही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

नियम ठरला तरी ‘आधी हात लागला की आधी पाय गेला’ हा वाद उरतोच. तो होतो, कारण दोन्ही पंच चढाईपटूच्या हाताकडे बघत असतात. कामं वाटून घ्या : चढाईपटू ज्या बाजूला झुकलाय, त्या बाजूचा पंच फक्त पाय आणि रेषा बघेल, समोरचा फक्त स्पर्श. आक्षेप कर्णधारानेच घ्यायचा, तोही सरपंचांकडे. बाकीचे बोलले तर आधी हिरवं कार्ड, ऐकलं नाही तर पिवळं, म्हणजे दोन मिनिटं बाहेर.

आखणीही तपासा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यात दोन्ही कडांना एकेक मीटर लॉबी. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. रेषेची रुंदी पाच सेंटिमीटरच्या वर नको. काळ्या मातीत चुना फासताना ती सहज दहावर जाते आणि मग पाय रेषेच्या आत होता की बाहेर, हे कुणालाच सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना सुतळी ताणून मधल्या पट्टीतच चुना टाका आणि मध्यंतराच्या पाच मिनिटांत पुन्हा आखा. पकडीच्या झटापटीत सगळ्यात आधी लॉबीचीच रेषा पुसते.