निम्मी चूक कुणाची, हे कंपनीनं ठरवायचं नसतं

प्रश्न: जानेवारीत रात्री आठच्या सुमारास गगनबावडा रस्त्यावरून कोल्हापूरला परतताना, बालिंग्याच्या अलीकडे रस्त्यातच बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर माझी कार आदळली. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. माझं मनगट मोडलं, शेजारी बसलेल्या पत्नीचा पाय फ्रॅक्चर झाला. आता ट्रॅक्टरच्या विमा कंपनीचं पत्र आलंय: 50 टक्के चूक तुमची, म्हणून दोघांनाही निम्मीच भरपाई, पावतीवर सही करून पाठवा. माझा एजंट म्हणतो, कारच्या दुरुस्तीचेही आता निम्मेच मिळतील. काय करू?

उत्तर: आधी ती पावती बाजूला ठेवा. त्यावर 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं छापलेलं असणार, आणि एकदा सही झाली की पुढं भांडायला जागा फार थोडी उरते.

पत्रातले 50 टक्के म्हणजे निकाल नव्हे, तो कंपनीचा देकार आहे. कुणाची चूक किती, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पुराव्यावरून ठरवतं, आणि तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी तो आरोप करणाऱ्या कंपनीवर असते.

तरी खरं सांगतो, मागून धडक बसलेल्या प्रकरणात न्यायाधिकरणाचा पहिला प्रश्न असतो: 'तुमच्या हेडलाइटमध्ये दिसलं कसं नाही?' याचं उत्तर तुमच्याजवळ तयार हवं. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर होता का, वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, हे आठवतंय तसं आजच लिहून काढा. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अर्चित सैनी प्रकरणात, रात्री रस्त्यात दिव्याविना उभ्या असलेल्या गॅस टँकरवर गाडी आदळली असताना, उच्च न्यायालयानं गाडीवाल्यावर टाकलेली निम्मी चूक रद्द केली होती. तुमची हकीकत त्याच वळणाची आहे. शिवाय वाहन धोकादायक स्थितीत रस्त्यावर सोडायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नुसार मनाई आहे. हंगामात आपल्याकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर अंधारात उभे करतात, टायरमागं दगड लावतात आणि चालक चहाला जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पंचनाम्यात मात्र येत नाही. म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची आणि फिर्यादीची प्रत घ्या. रिफ्लेक्टर नसल्याची नोंद नसेल तर त्या रात्री मदतीला धावलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलमधले फोटो मिळवा. त्या फोटोंमुळंच तुमचं पारडं जड होईल.

वहिनींच्या बाबतीत मात्र कंपनीनं सरळसरळ चूक केली आहे. त्या गाडी चालवत नव्हत्या. त्यांची कसली निम्मी चूक? दोन चालकांच्या निष्काळजीपणात तिसरा माणूस जखमी झाला तर तो दोघांपैकी कुणा एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या खेन्येई प्रकरणातल्या निकालानं 2015 मध्येच स्पष्ट झालं आहे. तुमच्यावर उद्या काही टक्के चूक आली तरी त्यांची रक्कम त्यापायी कापता येत नाही.

कारचा हिशेब वेगळा. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. घसारा आणि पॉलिसीत लिहिलेली ठरावीक वजावट जाईल, बाकी मिळायला हवं. एजंटाला म्हणावं, निम्मे देण्याचं कलम पॉलिसीत दाखव. तरीही कापलेच तर कंपनीकडं लेखी तक्रार करा आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं जा. तिथं फी नाही आणि वकीलही लागत नाही (हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय). फक्त ट्रॅक्टरच्या कंपनीविरुद्ध लोकपाल तुमच्या उपयोगाचे नाहीत, कारण तिचे तुम्ही ग्राहक नाही.

न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. जुलै उजाडायच्या आत अर्ज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात पोचू द्या. ट्रॅक्टरचा चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामील करा. वहिनींचा अर्ज वेगळा, त्यांच्या स्वतःच्या सहीनं आणि त्यांच्या उपचारांच्या बिलांसह करा.