आधी पाण्याची बाटली धर

फोंडा, गोवा

बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वेशभूषेच्या चिलखतासाठी तू केलेल्या हेल्मेटचे फोटो मिळाले. चांगलं उतरलंय. जबड्याखालच्या कडा तू पॉलिश पेपरने शेवटपर्यंत घासल्यास, ते फोटोतसुद्धा कळतं. नवखी मुलं नेमकी तिथेच कंटाळतात. पण तुझ्या पाच प्रश्नांपैकी चार प्रश्न थ्रीडी प्रिंटरचे आहेत: कुठला घेऊ, केवढा घेऊ, रोख की हप्त्याने, आणि बाबांना कसं पटवू. चारही प्रश्नांना माझं उत्तर एकच. यंदा घेऊ नकोस.

रुसू नकोस, पुढचं वाच. पहिलं वर्ष तू चिलखत घालायचंच नाहीस. घातलेल्या माणसाबरोबर चालायचं. अशी चिलखतं करून घालणाऱ्या आमच्या गटात या कामाला आम्ही 'सोबत' म्हणतो. नाव साधं आहे, काम नाही. हेल्मेट चढलं की माणसाला समोरचं जेमतेम दिसतं, पायाखालचं अजिबात नाही. पायरी, गटार, पायात घुटमळणारं पोर, सगळं सोबतीने सांगायचं. हातमोज्यांमुळे स्वतःच्या पट्ट्याचा चाप स्वतःला सुटत नाही. पाणी प्यायचं तर स्ट्रॉ दुसऱ्याने धरायचा. आणि लघवीला जायचं असेल तर मांडीचे पट्टे सोडण्यापासून सुरुवात. तू मुलगी आहेस म्हणून मुद्दाम लिहितो: कार्यक्रमाच्या जागी कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे आधी विचारायचं. नसेल तर जायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. पहिलं चिलखत मी शिगम्याच्या मिरवणुकीसाठी केलं. फोमचं, काळं, खांद्यावर शिंगं. वेशभूषेच्या रांगेत उभा राहिलो. मिरवणूक संध्याकाळची, म्हणून उकाड्याचा विचारच केला नाही. आपल्याकडे मार्चमध्ये ऊन उतरलं तरी दमट हवा उतरत नाही, हे इथे जन्मून मला सुचलं नाही बघ. पुढे चित्ररथ अडकलेले, आमचा नंबर दोन तास येईना. हेल्मेटमध्ये पंखा नाही, बरोबर कोणी नाही. आणि काढलं तर केस विस्कटतील म्हणून मी ते काढलंही नाही! शेवटी कानात ढोल वाजतोय की डोक्यात, ते कळेना. गुडघे गेले. मागच्या रोमटामेळातल्या, म्हणजे ढोल वाजवत नाचत जाणाऱ्या गटातल्या, एका ढोलवाल्याने ढोल खाली ठेवून माझं हेल्मेट उपटून काढलं, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, 'तुजे वांगडा कोण ना?' तुझ्याबरोबर कोणी नाही? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून मी गट काढला असं म्हटलं तरी चालेल.

आता तुझ्या प्रिंटरकडे वळू. पीएलए नावाचं जे प्लास्टिक तू वापरलंस, ते साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड एप्रिलमध्ये तिथवर सहज जातो. माझं एक हेल्मेट मी मडगावला अशाच गाडीत ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर कपाळ खाली, जबडा एका बाजूला. जणू दाढदुखीने बसलेला सैनिक. चार आठवड्यांचं काम एका फिश थाळीत गेलं. प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक पीईटीजी ८० अंशांच्या आसपास टिकतं, तिसरं एबीएस १००च्या वर, पण एबीएस छापणं नवख्याचं काम नव्हे.

म्हणून सुरुवात ईव्हीए फोमने कर, चपलेच्या तळव्यात असतो तसला मऊ फोम. छातीला १० मिलिमीटर, हातापायांना ५-६, वरच्या नक्षीला २ किंवा ३. माप घेताना जुना टी-शर्ट घालून त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळायची, वर पॅकिंग टेप, त्यावर मार्करने जोडाच्या रेषा, मग कापून सपाट करायचं. हा साचा पाठीमागून दुसऱ्यालाच कापावा लागतो. म्हणजे इथेही सोबत आलीच. कटरचं पातं सढळ हाताने मोडत जा. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, फाटतो, आणि ती कड नंतर कितीही रंग लावला तरी लपत नाही. कापून झालं की हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, फिरवायची. पृष्ठभागावर हलकी चकाकी आली की थांबायचं. तिथे फोमची भोकं बंद झालेली असतात. त्यावर लवचीक रबरी थर देऊन मग रंग. पांढरा फेविकॉल पाणी घालून लावणारे आहेत, स्वस्तही पडतो. पण कोपर आणि कंबर वाकते तिथे त्याला तडे जातात.

जोडायला रबरी कॉन्टॅक्ट गम, फेविकॉलचा एसआर चालतो. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोट लावून चिकटत नाही असं झालं की दाबायचं. एकदा बसलं की सरकत नाही, त्यामुळे आधी कोरडं जुळवून बघ. हे काम दार-खिडक्या उघडून, आणि सॉल्व्हंटची, म्हणजे गम पातळ ठेवणाऱ्या द्रवाची, वाफ अडवणारी काडतुसं असलेला मास्क लावून. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. घासताना तो पुरतो, गमला नाही.

आणि पावसाळा! गम किंवा स्प्रे वाळताना त्यातला सॉल्व्हंट उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्या हवेतला ओलावा त्यावर बसतो. रंगावर पांढुरकी साय येते, सांधा दिसायला घट्ट आणि ओढला की उघडतो. त्यामुळे आम्ही जून ते सप्टेंबर फक्त कापतो, शिवतो, पट्टे आणि टिचबटणं लावतो. चिकटवणं-रंगवणं चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकल्यावर. (त्यानंतर लगेच दिवाळीआधीचे, नरकासुराचे पुतळे करायचे दिवस येतात, वाड्यावरची पोरं आमची कामाची शेड अडवून बसतात आणि आमची साधनं पळवतात. त्यावर उपाय सापडलेला नाही. आमचेच निम्मे लोक त्या पोरांत असतात.)

वजन कुठे टांगायचं हे मात्र फोटो बघून शिकू नकोस. तू साखळी गावची, तुझ्या आजूबाजूला डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी होते, कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच. यंदा नाच बघू नकोस, गाठी बघ. घोडा कमरेला बांधलेला असतो, म्हणून तलवारीचा हात मोकळा राहतो आणि अंग वळतं. मांडीची कवचं अशीच कमरपट्ट्याला टांगायची. नुसतं इलॅस्टिक घट्ट करून मांडीवर धरून ठेवायला गेलीस तर दहा पावलांत घसरतील किंवा पाय बधिर होईल. आणि आरशासमोर उभं राहून 'झालं' म्हणायचं नाही. जिना चढ, खुर्चीवर बस, खाली पडलेली किल्ली उचल. नडगीचं कवच गुडघ्यामागे टोचतं ते तेव्हाच कळतं.

तू विचारलंस की बाहेरच्या गटांसारखं 'अगदी सिनेमातल्यासारखं'च करायचं का. १९९७ साली अमेरिकेत आल्बिन जॉन्सन यांनी '५०१ लीजन' सुरू केली. 'स्टार वॉर्स'मधले पांढरे शिपाई आणि इतर खलनायक होणाऱ्यांचा हा गट आता जगभर पसरलाय. तिथे प्रत्येक पोशाख ठरलेल्या नमुन्याशी ताडून मगच सभासद करतात, तेही १८ वर्षं पूर्ण झाल्यावर. कार्यक्रमाचे पैसे सभासद घेत नाहीत. द्यायचेच असतील तर एखाद्या सेवाकार्याला द्या म्हणतात. मला त्यांची ती दुसरी रीत पहिलीपेक्षा जास्त आवडते. पट्ट्याची रुंदी नमुन्याला धरून केलीस तर हात तयार होतो, हे खरं. पण पट्टा चुकला म्हणून दुसऱ्याला हसणारा माणूस आमच्या शेडमध्ये फार दिवस टिकत नाही. आम्हीही पैसे घेत नाही. गमचा डबा वर्गणीतून, आणि डब्याचं झाकण उघडं ठेवणाऱ्याने पुढचा डबा आणायचा. आमच्यात सगळ्यात मोठं भांडण त्या झाकणावरून झालंय.

मागच्या वर्षी आम्ही लहान मुलांच्या एका वॉर्डात गेलो होतो. दारातच एक चार वर्षांचा मुलगा आम्हाला बघून आईच्या मागे लपला. आमच्यातली जी त्या दिवशी सोबतीला होती, साधा कुडता, हातात बाटली, ती त्याच्याजवळ जाऊन खाली बसली आणि म्हणाली, 'त्या काकांना काही दिसत नाही रे, हात धरतोस का त्यांचा?' तो आला. मला हात धरून खाटांमधून शेवटच्या खिडकीपर्यंत नेलं. आतून मला त्याचे केस तेवढे दिसत होते.

तर येत्या रविवारी सकाळी साडेनवाला फोंड्याच्या बसस्टँडवर उतर, मी घ्यायला येतो. बाटली, स्ट्रॉ, छोटा स्क्रूड्रायव्हर, सुईदोरा आणि पायात बंद चप्पल किंवा बूट. आईबाबांपैकी कोणी आलं तर उत्तमच, चहा पाजून शेड दाखवू. हेल्मेटही आण, आत पंखा कुठे बसेल ते बघू. पाच व्होल्टचा छोटा पंखा पॉवर बँकेवर चालतो. बसमध्ये ते मांडीवर घे. खिडकीच्या उन्हात ठेवू नकोस.

तुझा,
शेडवाला काका