हेडफोनचा जॅक बिघडला म्हणजे मदरबोर्ड गेला असं नाही

पाऊस लागला की लॅपटॉपच्या आवाजाबद्दलचे प्रश्न वाढतात, आणि बहुतेकांचा समज एकच असतो: जॅक खराब झाला, म्हणजे आवाज कायमचा गेला. तसं नाही. यूएसबी, एचडीएमआय आणि ब्लूटूथ या तिन्ही वाटांनी आवाज बाहेर काढता येतो आणि त्यांचा जॅकशी काही संबंध नसतो. तेव्हा काम आजच सुरू करता येईल. जॅक मात्र दाखवून घ्यायलाच हवा.

प्रश्न (देवगड): हेडफोन लावलेला नसतानाही स्पीकर वाजत नाही. पडद्यावर 'हेडफोन' असंच दिसतं. दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो. बदलू का?

एवढ्यावर नका बदलू. जॅकच्या आत एक बारीक पत्री असते. पिन आत गेली की ती सरकते, लॅपटॉपला हेडफोन लागल्याचं कळतं आणि तो स्पीकर बंद करतो. ही पत्री वाकली, अडकली किंवा तिच्यावर क्षार साचला, की पिन नसतानाही लॅपटॉपला हेडफोन 'दिसत' राहतो. चांगली पिन हलक्या हाताने चार-पाच वेळा आतबाहेर करून बघा, कधीकधी तेवढ्यानेही पत्री सुटते. नाहीच सुटली तर साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुटला स्पीकर निवडता येतो का ते पाहा.

आता मदरबोर्डाचं. हा सल्ला मशीन न उघडता देणारे बरेच आहेत, आणि त्यात गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात. कित्येक लॅपटॉपमध्ये जॅक मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डवर, नसतोच. एखाद्या यूएसबी पोर्टसोबत तो छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि तो बोर्ड चपट्या केबलने जोडलेला असतो. तेवढाच बदलता येतो. जॅक मुख्य बोर्डावर असला तरी जुना काढून नवा सोल्डर करता येतो. त्यात सुट्या भागाची किंमत किरकोळ, पैसे असतात ते मजुरीचे. आवाजाची चिप जिवंत आहे का, हेही तपासता येतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) चालू करायचं, त्यातल्या अल्सामिक्सर या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ऑटो-म्यूटचा, म्हणजे हेडफोन दिसला की स्पीकर आपोआप बंद करणारा पर्याय असेल तर तो बंद करायचा. स्पीकर वाजला, म्हणजे चिप शाबूत आहे. दुकानदाराला मशीन तुमच्यासमोर उघडायला सांगा. तो तयार नसेल तर दुसऱ्या तंत्रज्ञाकडे न्या. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र थेट कंपनीच्या सेवा केंद्रातच जा, आणि मशीन देण्याआधी फायलींची प्रत काढून ठेवा.

प्रश्न (खेड): एकाच कानात आवाज येतो. जॅक गेला का?

तोच हेडफोन आधी मोबाइलला लावून बघा. तिथेही एकच कान वाजला तर दोष हेडफोनच्या वायरचा.

प्रश्न (दापोली, विद्यार्थी): पिनचं टोक तुटून आत अडकलंय. काडीला फेविक्विक लावून ते ओढून काढता येतं, असा व्हिडिओ पाहिला. करू का?

करू नकोस. गोंद टोकाला चिकटण्याआधी ओघळून पत्र्यांवर जातो, आणि मग जो जॅक वाचला असता तोही बदलावा लागतो. सुई, टाचणीही घालू नकोस, आतले संपर्क एकमेकांना टेकतात. लॅपटॉप बंद करून तंत्रज्ञाकडे ने. तोवर अभ्यासाला यूएसबीचा हेडफोन वापर.

प्रश्न (संगमेश्वर, शिक्षिका): जॅक बंद आहे. वर्गात प्रोजेक्टरवर धडा दाखवते, पण आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही.

बाई, प्रोजेक्टरला एचडीएमआय असेल तर त्याच केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो. केबल लावल्यावर साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुटला प्रोजेक्टरचं नाव निवडा. हे निवडायचं राहून जातं आणि लोक केबलला दोष देतात. जुन्या निळ्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं. तुमच्याकडे ती असेल तर एचडीएमआयचं व्हीजीए करणारा असा कन्व्हर्टर घ्या, ज्याच्या अंगावरच हेडफोनचा जॅक असतो. त्यात शाळेचा स्पीकर लावा. विकत घेण्याआधी लॅपटॉप दुकानात नेऊन वाजवून पाहा.

प्रश्न (रत्नागिरी): मोबाइलचं टाइप-सी अडॅप्टर लॅपटॉपला लावलं, आवाज शून्य. दुकानदार आता ७.१ चं साउंड कार्ड घ्या म्हणतो.

काही अडॅप्टरांत नुसत्या तारा असतात. फोनने स्वतःच हेडफोनचा सिग्नल टाइप-सीतून सोडला तरच ते वाजतात, आणि बहुतेक लॅपटॉप तसा सोडत नाहीत. तुम्हाला आत डॅक चिप (डिजिटल आवाजाचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी) असलेलं अडॅप्टर हवं, किंवा साध्या यूएसबीचं साउंड कार्ड. ते दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर सहसा वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतं. ७.१ म्हणजे आठ वेगवेगळ्या स्पीकरांचा आवाज, पण तो छाप पाहून जादा पैसे देऊ नका. हेडफोनच्या एका जॅकमधून डावा आणि उजवा असे दोनच आवाज बाहेर पडतात, बाकीचे सॉफ्टवेअरने भासवलेले असतात. तुमच्या हेडफोनच्या पिनवर तीन रेघा असतील तर त्यात माइकही आहे. मग माइक आणि हेडफोन एकाच भोकात चालणारं कार्ड मागा.

प्रश्न (मालवण): घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जॅकमध्ये हिरवट काहीतरी दिसतं, हेडफोन खरखरतो. शेजारी म्हणतात गंज सोडवायचा स्प्रे मारा. गणपती झाले की दाखवतो, चालेल ना?

नाही चालणार. दरवर्षी हेच वाक्य ऐकतो, आणि गणपतीनंतर येणारी मशीन बघून जीव हळहळतो.

खाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते उघड्या जॅकमध्ये, यूएसबीच्या पोर्टात, पंख्याच्या जाळीतून आतपर्यंत जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यामुळे ते त्याच्याही आधी ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे पागोळीचा एक थेंब न लागताही जॅकमध्ये खारं पाणी तयार होतं. पत्र्यांवरचा मुलामा पातळ, खाली तांब्याचा मिश्रधातू. मुलामा जिथे झिजला तिथून हिरवा थर फुटतो. जॅक भिंगाखाली धरला की पत्रीच्या मुळाशी हा निळसर-हिरवा थर बुरशीसारखा दिसतो, आणि ब्रश लागताच त्याचा भुगा होतो. कधी त्या भुग्यासोबत पत्रीही तुटून हातात येते.

लॅपटॉप स्लीपवर ठेवला तरी आतल्या काही भागांत वीज असते. ओल्या मिठातून ती वाहिली की गंज झपाट्याने वाढतो. जॅककडून तो शेजारच्या पोर्टाकडे आणि तिथून बोर्डाच्या बारीक रेषांकडे सरकतो. आज जे काम जॅकचं आहे ते महिन्याभराने बोर्डाचं होऊ शकतं. मग मदरबोर्ड गेला म्हणणारा खरं बोलत असेल.

स्प्रेचं म्हणाल तर त्याचा तेलकट थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते आणि मीठ खाली तसंच राहतं. खोबरेल तेलाचंही तेच. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर तो प्लास्टिक खाऊ शकतो. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावूनही भागत नाही, कारण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. जाणकार माणूस बॅटरी सोडवतो, बोर्ड सुटा करतो, डिस्टिल्ड पाण्याने आणि मऊ ब्रशने मीठ धुतो, मग आयसोप्रोपिलने ते पाणी हटवतो आणि पूर्ण वाळल्यावर भिंगाखाली तपासतो. हे घरी करायचं काम नाही. तुमच्या दुकानदाराला विचारा, 'मीठ कसं काढणार?' उत्तरात फक्त स्प्रे आला तर मशीन देऊ नका.

दाखवायला नेईपर्यंत लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद ठेवा. दुरुस्तीनंतर जॅकला रबरी बूच बसवा, पडवीत मशीन उघडं ठेवू नका. रोज वापर नसेल तर सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते बदला. याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न (चिपळूण): ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ सहसा फोन कॉलच्या हलक्या दर्जावर उतरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. तरी फरक पडला नाही तर हेडफोन आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन तंत्रज्ञाकडे जा.

प्रश्न (गुहागर): जॅकमध्ये पावसाचं पाणी गेलं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवलाय. किती दिवस ठेवू?

आत्ता बाहेर काढा. तांदळाची पूड जॅकमध्ये शिरते आणि आतलं पाणी, मीठ जिथल्या तिथे राहतं. हेअर ड्रायरही लावू नका. चार्जर लावू नका, चालू करून बघू नका, आणि बॅटरी सोडवून घ्यायला आजच तंत्रज्ञाकडे न्या.