आईला सतत थकवा आणि वजन वाढतंय, थायरॉइड असेल का? कोणती तपासणी करावी?

असू शकतं, पण नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही. रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आमच्या काकूचं सांगतो. एप्रिलचं ऊन, गावात सगळे कूलरसमोर, आणि ही गोधडी घेऊन बसलेली! बांगड्या हातात रुतायला लागल्या, आवाज घोगरा झाला, केस गळायचे, पोट साफ होत नव्हतं. घरचे म्हणायचे, कापूस वेचून थकली असेल. त्यात वर्ष गेलं, पण ही सगळी थायरॉइड मंद असल्याची लक्षणं होती. उलट वजन घटत असेल, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम असेल तर थायरॉइड जास्त काम करतंय अशी शंका घ्यावी.

सुरुवातीला टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुरते. साधारण ०.४ ते ४ च्या आत असेल तर ठीक, पण रिपोर्टवर त्या लॅबची रेंज छापलेली असते, तीच धरा. जास्त आलं तर थायरॉइड मंद असण्याची शक्यता. मग डॉक्टर फ्री टी४ (रक्तातल्या थायरॉइड हार्मोनची तपासणी) सांगतात. उपाशीपोटी जायची गरज नसते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने आकडे चुकतात.

आधी ग्रामीण रुग्णालयात विचारा, उगाच पूर्ण बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊ नका. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. पुन्हा टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी. काकू आठव्या दिवशीच करून आली होती, पैसे वाया.