टेबलं रिकामी असताना काउंटरला का बसायचं?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या छोट्या बारमध्ये टेबलं मोकळी असली तरी लोक काउंटरलाच का चिकटतात, आणि एकट्यानं फिरणाऱ्या अनोळखी माणसानं तिथं बसावं का. बसावं, अगदी हक्कानं बसावं. मी पणजीकर आहे आणि माझ्या मते तावेर्नमधली, म्हणजे अशा छोट्या बारमधली, सगळ्यात चांगली जागा तीच.

चार खुर्च्यांच्या टेबलाशी एकटं बसलं की उरलेल्या तीन खुर्च्या सारख्या नजरेत येतात. काउंटरला सगळ्यांचीच तोंडं बाटल्यांच्या फळीकडे असतात. बोलावंसं वाटलं तर शेजारी माणूस आहेच. बांगडा आज काय भावानं मिळाला एवढं विचारलंत तरी पुरतं. गप्प बसलात तरी कुणी मनावर घेत नाही.

शिवाय मालक हाताच्या अंतरावर असतो, आणि मेनूकार्डावर नसलेलं सगळं त्यालाच ठाऊक. मार्च ते मे या दिवसांत गेलात तर हुर्राक मागा. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर काढलेली ही पहिली धार. फेणीपेक्षा सौम्य असते, पण फार टिकत नाही, म्हणून लेबल बघण्यापेक्षा कुठल्या गावच्या भट्टीची हे विचारावं. टेबलावर वेटरला विचारलंत तर तो आत जाऊन विचारून येतो; इथं मालकच सांगतो, आणि मागच्या आठवड्यातली याहून बरी होती हेही सांगतो.

त्याचे हात बघत बसा. मोठ्या काचेच्या गाराफांवातून बाटलीत, बाटलीतून ग्लासात. फेणी असेल तर काही जण आधी बाटली हलवून फेस किती वेळ टिकतो ते बघतात. हुर्राकात लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिम्का. मिरची टाकण्याआधी तो तुमच्याकडे एकदा बघेल, तेव्हाच मान हलवून हो-नाही सांगून टाका. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता देखण्या बाटल्याही मिळतात, चांगल्या असतात. पण मला ही ओतताना बघितलेलीच आवडते.

पणजीच्या सांतोमे भागातलं जोसेफ बार पर्यटकांनाही माहीत झालंय, सुरुवातीला तिथं जायला हरकत नाही. दुपारी बाराच्या सुमारास जा. एकनंतर गोवा जेवून झोपतो, आणि संध्याकाळी गर्दीत मालकाला मान वर करायला फुरसत नसते. बॅग मांडीवर किंवा पायाशी ठेवा, काउंटरवर नको. मालकाला ‘पात्रांव’, म्हणजे शेठ, म्हणा, इथं सगळेच म्हणतात. खायला चोरीस-पाव (पावात घातलेलं गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज) आहे का विचारा; नसेल तर जवळपास बरा कुठं मिळतो ते तोच सांगेल, आणि त्याचं ऐका.