आज संध्याकाळी वर जाऊन ये

अनेक आशीर्वाद.

सोसायटीत सेक्रेटरी होऊन तुला दोन महिनेही झाले नाहीत आणि वरच्या पाचशे दोनमधून खालच्या चारशे दोनमध्ये होणाऱ्या लीकेजचं भांडण तुझ्या गळ्यात पडलं. ग्रुपवरचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. नियम बरोबर आहे तुझा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने काढायची, घरातल्या मोरी-संडासाची त्या सभासदाने. पण अख्ख्या बिल्डिंगसमोर चूक दाखवली की माणूस गळती विसरतो आणि इभ्रत सांभाळायला लागतो. तो मेसेज आधी काढून टाक.

मी तुझ्या जागी होतो तेव्हा एका आजींनी आठ महिने बाथरूम फोडू दिलं नाही. तीन नोटिसा दिल्या. मीटिंगमध्ये त्या खालच्यांचा उद्धार करायच्या, खालचे त्यांचा. शेवटी एकदा वर जाऊन बसलो आणि एवढंच विचारलं, "आजी, फोडलं तर तुमची अडचण काय होईल?" यजमान अंथरुणाला खिळलेले. आठ-दहा दिवस बाथरूम बंद म्हणजे त्यांचं सगळं करायचं कुठे? शिवाय जागा मुलाच्या नावावर, तो पुण्याला. आजी "हो" म्हणाल्या असत्या तरी पैशाचा शब्द त्यांच्या हातात नव्हता. आमच्या नोटिसा आठ महिने भलत्याच माणसाला जात होत्या! मुलाला फोन केला, समोरचा ब्लॉक रिकामा होता त्याच्या मालकाकडून दहा दिवसांसाठी किल्ली मागितली, काम झालं.

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. माझे वडील परळला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलणी करायचा हक्क मान्यताप्राप्त संघटनेचा, आणि सामंतांची संघटना ती नव्हती. म्हणजे ज्याचा शब्द कामगार मानत होते त्याला टेबलावर खुर्चीच नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कारणं पुष्कळ होती, सगळं खापर एका कायद्यावर फोडत नाही मी. पण तेव्हापासून कुठलंही भांडण दिसलं की मनात येतं, निर्णय ज्याच्या हातात आहे तो इथे बसलाय का? आजींच्या वेळी नेमकं तेच विसरलो.

एक सवय लाव. समोरच्याचं बोलून झालं की "म्हणजे तुमचं म्हणणं असं ना," म्हणून त्याचंच त्याला सांग. तो "तसं नाही हो" म्हणाला तर पुन्हा ऐक. कंटाळवाणं काम आहे. मला घरात अजून जमत नाही, काकूला विचार.

मात्र पाणी विजेच्या बोर्डापर्यंत पोचलं असेल तर गोडीगुलाबीत वेळ घालवू नकोस. मेन स्विच बंद कर, इलेक्ट्रिशियनला बोलाव, मग काय ते बोला. आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोन्ही घरांच्या सह्या घे. पावसाळा संपला की तोंडी कबुली कुणाच्या लक्षात राहत नाही.

आज जाताना फाइल नेऊ नकोस, प्लंबरही नको. चहा विचारला तर घे.

तुझा,
काका