सिरपबद्दलचं निवेदन लिहिताना

प्रिय मैत्रिणी,

मुलांच्या खोकल्याच्या सिरपमधल्या भेसळीबद्दलच्या तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. ‘विषारी सिरपवर तातडीने बंदी घालावी आणि दोषींवर कठोर कारवाई करावी’ हे वाक्य आधी काढून टाक. त्यावर कोणताही अधिकारी ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून मोकळा होतो. शिवाय मुलं दगावल्याची बातमी आली की त्या बॅचवर बंदी येतेच. प्रश्न त्याच्या आधीचा आहे: ग्लिसरीनचं किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं पिंप कारखान्यात आलं, तेव्हा ते कुणी तपासलं?

हे द्रव सिरपमध्ये औषध विरघळवायला आणि घट्टपणा, गोडवा आणायला वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन दिसायला तसंच, चवीला गोड आणि स्वस्त. पिंपात त्याची भेसळ झाली तर डोळ्यांना कळत नाही, आणि सिरपमध्ये पॅरासिटामॉल किती आहे एवढंच मोजणाऱ्या चाचणीतही कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी लागते. मान्य मर्यादा 0.10 टक्के. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांना दिलेल्या, तामिळनाडूत बनलेल्या सिरपमध्ये तामिळनाडू सरकारच्या तपासणीत ते 48.6 टक्के सापडलं, म्हणजे 5 मिलीच्या एका चमच्यात जवळपास अडीच ग्रॅम. उलट्या, पोटदुखी, मग लघवी बंद आणि मूत्रपिंड निकामी, असा त्याचा क्रम.

आपल्याला हे नवीन नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. 2022 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या सिरपशी जोडला गेला. त्यानंतर 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारी किंवा मान्य प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल सक्तीचा झाला. देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना त्या आदेशात अशी अट नव्हती. तुझी मागणी इथून सुरू कर: प्रत्येक पिंपाची वापरण्याआधी चाचणी, प्रत्येक बॅचची बाजारात जाण्याआधी चाचणी, आणि दोन्हींची नोंद लोकांना पाहता येईल अशी.

आता पत्ता. तू आरोग्यमंत्र्यांना लिहिलं आहेस. हरकत नाही, प्रत पाठव. पण उत्पादनाचा परवाना राज्याचं औषध खातं देतं, आणि औषध बनतं एका राज्यात, विकलं जातं दुसऱ्याच. विकलेल्या ठिकाणी नमुना घेता येतो, परवान्यावर कारवाई मात्र बनवणारं राज्यच करू शकतं. म्हणून दोन्ही राज्यांना लिही. महाराष्ट्रात जिल्ह्याचे सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन. प्रत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेला. प्रत्येक ठिकाणची पोच घे.

बाटली स्वतः तपासून घ्यायची असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 चं कलम 26 तुझ्यासाठीच आहे. विकत घेतलेलं औषध कुणीही नागरिक फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. अर्ज नमुना 14-अ मध्ये. बिल घे, बाटली सीलबंद ठेव, किती बाटल्या लागतील ते आधी विचार. आणि अर्जात ‘डायइथिलीन ग्लायकॉल व इथिलीन ग्लायकॉलसाठी तपासावे’ असं स्पष्ट लिही (दुसरंही तसंच विषारी रसायन). पुष्कळ जण इथेच चुकतात. नुसतं ‘तपासणी करावी’ लिहिलं तर मुख्य घटकाचं प्रमाण मोजून ‘प्रमाणित’ असा अहवाल हातात येऊ शकतो, आणि मग तोच कागद कंपनी मिरवते.

उघडलेली बाटली पुरावा म्हणून कमजोर, तरी फेकू नये. दुसऱ्या बाटलीत ओतू नये, लेबल फाडू नये. खटल्यासाठी औषध निरीक्षकाने घेतलेलाच नमुना भक्कम ठरतो: तो साधारणपणे चार भाग करून सील करतो. विश्लेषकाचा अहवाल मिळाल्यापासून 28 दिवसांत लेखी आव्हान दिलं नाही, तर न्यायालयात तो निर्णायक मानला जातो. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल जागं करायला उपयोगी, पण त्याच्या बळावर कंपनीचं नाव घेऊन पत्रकं वाटू नकोस.

माहिती अधिकारात मत विचारू नये, नोंदी मागाव्यात. ‘सिरप सुरक्षित आहेत का?’ याला उत्तर मिळणार नाही. ‘मागील 3 वर्षांत द्रवरूप औषधांचे किती नमुने घेतले, त्यांपैकी किती डायइथिलीन ग्लायकॉलसाठी तपासले, किती अप्रमाणित ठरले, किती खटले दाखल झाले’ याला मिळेल. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. तुझा दोन पानी अर्ज त्यात बसणार नाही. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर कलम 8(1)(ड) मधलाच व्यापक जनहिताचा अपवाद दाखवून पहिलं अपील कर.

डॉक्टरांना सोबत घे, पण सह्यांसाठी नव्हे. त्यांनी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे दुष्परिणाम कळवावेत. पालकही 1800-180-3024 वर कळवू शकतात. रुग्ण, कळवणारा, औषध आणि त्रास, एवढ्या चार गोष्टी पुरतात. संशय पुरे, पुरावा लागत नाही.

औषधांच्या नियमांचा सरकारी मसुदा राजपत्रात आला की हरकतींची मुदत मसुद्यातच दिलेली असते. ती आधी वाच. मग कलमवार लिही: मूळ शब्द, त्याजागी हवे असलेले शब्द, कारण. एकाच मजकुराच्या पाचशे पत्रांपेक्षा असं एक पत्र टाळणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

आणि ‘सगळीच सिरपं विष आहेत’ हे वाक्यही काढ. उद्या एखादी आई तापाचं औषध द्यायलाच घाबरेल. त्याऐवजी नेमकं लिही: क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन ही सर्दीवरची दोन औषधं एकत्र असलेलं सिरप 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 चा आहे. दुकानातल्या बाटल्यांवर तो आहे का, ते पाहून फोटो जोड.

तुझ्या मसुद्यात बॅच क्रमांकाची जागा कोरी आहे. बाटली गेली असेल तर दुकानाचं बिल शोध, त्यावर बहुधा असतो. तो भरल्याशिवाय पत्र पाठवू नकोस.

सप्रेम.